कम्युनिटी कॉलेजात व्हेट-टेक शिकवायला निघालेल्या पशुवैद्यकासाठी

प्रश्न थोडक्यात असा: परभणीहून बी.व्ही.एससी. झालेल्या आणि काही वर्षं तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात काम केलेल्या एक डॉक्टर लग्नानंतर अमेरिकेत आल्या आहेत. नोकरी करण्याची परवानगी आहे, पण इथला पशुवैद्यकाचा परवाना अजून नाही. जवळच्या कम्युनिटी कॉलेजाने, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या स्थानिक कॉलेजाने, त्यांना व्हेटरनरी टेक्नॉलॉजीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात अर्धवेळ शिकवाल का, असं विचारलं आहे. त्या विचारतात, ‘माझी पदवी तिथे चालेल का? मला हे जमेल का? आणि डॉक्टर असून टेक्निशियन शिकवायला गेले तर मी मागे तर जात नाही ना?’

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. मागे जात नाही. पण डॉक्टरकीचाच अभ्यास थोडा सोपा करून दोन वर्षांत बसवायचा आहे, अशा समजुतीने वर्गात शिरलात तर विद्यार्थ्यांचं नुकसान होईल. हा वेगळा पेशा आहे. अमेरिकेत टेक्निशियन निदान करत नाही, आजाराचं पुढे काय होईल ते सांगत नाही, औषध लिहून देत नाही आणि शस्त्रक्रिया करत नाही. या चार गोष्टी वगळल्या तर चांगल्या दवाखान्यात जे घडतं ते बहुतेक तिच्या हातून घडतं. ‘तिच्या’ म्हणते, कारण वर्गात मुलीच जास्त असतात. रक्त काढणं, सलाईन लावणं, भूल सुरू असताना डोळ्यांत तेल घालून बसणं, एक्स-रे काढणं, दात साफ करणं, काचपट्टीवर पेशी मोजणं, जखमेचं ड्रेसिंग, घाबरलेल्या मालकाला घरी औषध कसं द्यायचं ते समजावणं, हे सगळं तिचं काम. माणसांच्या इस्पितळात हीच कामं चार-पाच वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं वाटून घेतात.

आपल्याकडच्या पशुधन पर्यवेक्षकाशी किंवा व्रणोपचारकाशी तिची तुलना करायचा मोह होईल. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984 चा आहे. त्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देण्याची जी तरतूद आहे, तिच्या आधाराने आपला पर्यवेक्षक गावोगाव एकटा फिरतो, कृत्रिम रेतन करतो, लसीकरण करतो. इथली टेक्निशियन क्वचितच एकटी असते. ती डॉक्टरच्या शेजारी, एकाच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी असते. म्हणून तिला शिकवताना तिच्यासमोरचा माणूस कोण आहे हे लक्षात ठेवायला हवं: तो डॉक्टर आहे, म्हणजे तुम्ही स्वतः.

आपली पाच-साडेपाच वर्षं रोगाचं नाव शोधण्यात जातात, त्यामुळे शिकवतानाही जीभ तिकडेच वळते. मूत्रपिंड निकामी झालेल्या म्हाताऱ्या मांजराचा धडा घ्या. आपण आपसूक कारणांच्या यादीत शिरतो आणि तास संपतो. टेक्निशियनला त्या धड्यातून वेगळंच हवं असतं. मांजर किती पाणी पितं हे मालकाला कसं विचारायचं? लघवीची घनता रिफ्रॅक्टोमीटरवर कशी वाचायची आणि तो आधी शुद्ध पाण्याने तपासून का घ्यायचा? सलाईन चालू असलेल्या मांजराचं वजन दिवसातून दोनदा का करायचं, आणि श्वासाची गती वाढली तर कुणाला, किती लवकर आणि कोणत्या शब्दांत सांगायचं? हे शिकवण्यासाठी शरीरक्रिया तितकीच खोल समजलेली असावी लागते, फक्त ती दुसऱ्या दिशेने मांडायची असते. मला विचाराल तर या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात समाधानाचा भाग हाच आहे.

आता पदवीचं. हे शिक्षण तसं जुनं नाही. पहिला अभ्यासक्रम 1961 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डेलहाय इथल्या सरकारी कॉलेजात सुरू झाला. 1970 च्या दशकात अमेरिकन पशुवैद्यक संघटनेने, म्हणजे एव्हीएमएने, अशा अभ्यासक्रमांना मान्यता द्यायला सुरुवात केली. तेव्हा ‘अ‍ॅनिमल टेक्निशियन’ म्हटलं जाई. ‘व्हेटरनरी टेक्निशियन’ हे नाव संघटनेने 1989 मध्ये स्वीकारलं. आज मान्यताप्राप्त अभ्यासक्रम दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांतले पुष्कळसे तुमच्यासारख्यांच्या घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजांतच आहेत. पास झालेली विद्यार्थिनी व्हीटीएनई ही राष्ट्रीय परीक्षा देते आणि मग राज्याचा परवाना, नोंदणी किंवा प्रमाणपत्र मिळवते. नाव राज्यागणिक बदलतं: न्यूयॉर्कमध्ये एलव्हीटी (परवानाधारक), कॅलिफोर्नियात आरव्हीटी (नोंदणीकृत), इतर काही ठिकाणी सीव्हीटी (प्रमाणित). अधिकारही बदलतात. कॅलिफोर्नियात आरव्हीटी डॉक्टरच्या थेट देखरेखीखाली भूल सुरू करू शकते, कातडीला टाके घालू शकते, दातही काढू शकते. दुसऱ्या एखाद्या राज्यात यातल्या काही गोष्टी कदाचित चालणार नाहीत. तुमच्या राज्याचा पशुवैद्यक कायदा नीट वाचल्याशिवाय पहिल्या वर्गात पाऊल ठेवू नका, कारण ‘हे आम्ही करू शकतो का?’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो.

आपल्या पदव्या एव्हीएमएच्या मान्यतायादीत नाहीत. इथे डॉक्टर म्हणून परवाना हवा असेल तर परदेशी पदवीधरांसाठीच्या ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह या दोन प्रमाणपत्र-कार्यक्रमांपैकी एका वाटेने जावं लागतं आणि शिवाय नॅव्हले ही पशुवैद्यकाच्या परवान्याची परीक्षा द्यावी लागते. ईसीएफव्हीजीच्या शेवटच्या टप्प्यात प्रत्यक्ष हाताची परीक्षा असते: भूल, शस्त्रक्रिया, घोडा, गाय-म्हैसवर्गीय जनावरं, लहान प्राण्यांचे आजार आणि उपचार, एक्स-रे, शवविच्छेदन. ती होईपर्यंत तुम्ही शरीररचना, शरीरक्रिया, परोपजीवीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांसारखे विषय शिकवू शकाल अशी शक्यता चांगली आहे. जिवंत प्राण्यावरची भूल आणि शस्त्रक्रियेची प्रयोगशाळा मात्र राज्याचा परवाना असलेल्या डॉक्टरच्या जबाबदारीवर चालते. मान्यतेच्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रमात परवानाधारक पशुवैद्यक आणि पात्र टेक्निशियन असे दोघेही शिक्षक म्हणून असावे लागतात, त्यामुळे तुम्ही एकट्या पडणार नाही. कोणत्या तासाला तुमच्यासोबत कोण असेल आणि त्या प्राण्याची जबाबदारी कागदावर कुणाची असेल, हे संचालकांकडून लेखी घ्या. आणि त्या टेक्निशियन शिक्षिकेला आपल्यापेक्षा कमी समजू नका. मांजराच्या पायात कॅथेटर (नसेत बसवायची बारीक नळी) घालण्यात आणि ते घालायला शिकवण्यात ती बहुधा तुमच्या-माझ्यापेक्षा सरस असेल. पहिलं सेमिस्टर तिच्या शेजारी उभं राहून बघा.

मान्यता देणारी समिती कौशल्यांची लांबलचक यादी देते. त्यातली अत्यावश्यक कौशल्यं प्रत्येक विद्यार्थिनीने स्वतःच्या हाताने, ठरलेल्या निकषावर करून दाखवायची असतात, आणि शिक्षकाने तारीख घालून सही करायची असते. हाताच्या कामातली उणीव लेखी परीक्षेतल्या गुणांनी भरून निघत नाही. ही सही हा तुमच्या नोकरीतला सगळ्यात जड भाग आहे. आपल्याकडे प्रात्यक्षिकाच्या वहीवर सह्या कशा व्हायच्या हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. इथे तुमची सही झाली की काही महिन्यांत ती मुलगी कुणाच्या तरी कुत्र्याच्या मानेच्या नसेत एकटीने सुई घालणार असते.

निकष आधी ठरवा आणि विद्यार्थ्यांच्या हातात द्या. पुढच्या पायाच्या नसेतून रक्त काढणं एवढं एक कौशल्य घेतलं तरी माझ्या कागदावर बरंच काही असतं. प्राणी तोच आहे याची खात्री केली का? नळ्यांवर नाव आधी लिहिलं का? धरणाऱ्या मैत्रिणीशी बोलली का? सुईचा उतार वर होता का? दोनदा जमलं नाही तर स्वतःहून थांबून दुसरीला दिलं का? रक्त नळ्यांत कोणत्या क्रमाने घातलं? हा शेवटचा मुद्दा मुली पाठ करतात आणि विसरतात, म्हणून कारण सांगूनच शिकवायचा. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू न देणारा पोटॅशियमचा ईडीटीए असतो. त्याचा थेंबभर अंश सीरमच्या नळीत गेला तरी पोटॅशियम खोटं वाढतं, कॅल्शियम खोटं घटतं आणि डॉक्टर नसलेल्या आजारामागे धावतो. एकदा मुद्दाम असा नमुना बिघडवून यंत्रावर चालवून दाखवा. त्यानंतर क्रम विसरणारी विद्यार्थिनी मला फारशी भेटलेली नाही.

दोनदा प्रयत्न करून थांबणं हा निकष मी कधीही सोडत नाही. तिसऱ्यांदा जमलं तरी सही नाही. प्राण्याला होणारा त्रास हे एक कारण आहेच, पण थांबता येणं हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि घाईच्या दवाखान्यात तेच पहिलं विसरलं जातं.

सुईच्याही आधी धरणं शिकवा. नस कधी मिळत नाही हे पाहिलं तर बहुतेक वेळा धरणाऱ्या हातात दोष सापडतो: अंगठ्याने नस बाहेरच्या बाजूला वळवलेली नसते किंवा कोपर मागे सरकलेलं असतं. आपण म्हशीला खोड्यात घालून, दोरखंडाने, चार माणसांच्या बळावर काम करायला शिकलो. इथे कुत्र्या-मांजराला जोर लावून धरणं आता वाईट काम समजलं जातं. डॉ. सोफिया यिन यांनी कमी ताणाच्या हाताळणीवर केलेल्या कामाने ही सवय बदलायला मोठी मदत झाली. मांजराची मानगूट धरून त्याला उचलायचं नाही; टॉवेलात गुंडाळायचं, पिंजऱ्याचं झाकण काढून आतच तपासायचं, घाबरलं असेल तर डॉक्टरला शामक औषधाबद्दल विचारायचं. हे तुम्हाला कदाचित नव्याने शिकावं लागेल, आणि शिकण्यासारखं आहे. मोठ्या जनावरांतही हेच लागू पडतं हे मला इथे आल्यावर जास्त स्पष्ट दिसलं.

तुमची खरी श्रीमंती मात्र तिथेच आहे. तुमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलींनी गायीला कधी हात लावलेला नसेल. त्यांना शेपटीच्या नसेतून रक्त काढायचं असतं, मोरकी घालायची असते, घोड्याच्या डाव्या खांद्याकडून बोलत जवळ जायचं असतं, आणि त्या घाबरलेल्या असतात. जनावराचे कान, शेपूट, वजन कोणत्या पायावर आहे हे बघून पुढच्या क्षणी ते काय करेल हे तुम्हाला कळतं. ते ज्ञान शब्दांत मांडायला बसा, कारण इथल्या शहरी शिक्षकांकडे ते फार कमी आहे. झायलाझिन या गुंगीच्या औषधाला गाय घोड्यापेक्षा कितीतरी संवेदनशील असते, तिला घोड्याच्या डोसाचा साधारण दहावा हिस्सा पुरतो, हे पुस्तकात आहेच. पण ते देऊन गाय खाली बसताना कुठे उभं राहायचं नाही, हे तुम्ही सांगायचं.

काही गोष्टी मात्र आधी स्वतः भरून काढा. दात हा आपल्या शिक्षणातला कच्चा विषय, इथे तो रोजचा. कुत्र्याचे 42 दात, मांजराचे 30, प्रत्येकाला तीन अंकी क्रमांक. सुळ्याचा क्रमांक नेहमी 04 ने आणि पहिल्या दाढेचा 09 ने संपतो, हे धरून बाकीचे मोजायचे. दातांचे एक्स-रे, हिरडीखालची सफाई, नंतरचं पॉलिशिंग हे सगळं टेक्निशियनचं काम आहे, तेव्हा तुम्हालाही यायला हवं. रोगांचा नकाशाही बदलतो. आपल्याला लाळ्या-खुरकूत तोंडपाठ. अमेरिकेत त्याची शेवटची साथ 1929 मध्ये येऊन गेली. आपल्याकडे रेबीज म्हटलं की कुत्रा. इथे वटवाघूळ, रॅकून, स्कंक. हृदयातला जंत आणि गोचिडांमुळे होणारा लाइम रोग इथे रोजच्या बोलण्यात असतात. औषधांची नावंही वेगळी: पॅरासिटामॉलला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि घरोघरी ते असतं. मांजराला ते जीवघेणं ठरतं, हे फोन उचलणाऱ्या मुलीला पहिल्या सेमिस्टरमध्येच माहीत असायला हवं.

भूल या विषयावर मी जास्त वेळ घेते आणि तुम्हीही घ्या, कारण टेक्निशियनच्या हलगर्जीपणाने प्राणी मरतो तो बहुधा इथे. प्रत्येक मुलीने यंत्राची गळती स्वतः तपासायची: जादा वायू बाहेर सोडणारी पॉप-ऑफ झडप बंद करायची, नळीचं तोंड अंगठ्याने दाबायचं, पिशवी भरून दाब 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका करायचा, तो टिकतो का पाहायचं. आणि मग आधी झडप उघडायची, दाब तिच्यातून सुटू द्यायचा, नंतर अंगठा काढायचा. हा क्रम कधीही बदलू नका. झडप बंद राहिली आणि तसाच प्राणी जोडला तर फुफ्फुसांतला दाब वाढत जातो. छातीत हवा शिरते, रक्त हृदयाकडे परतत नाही, आणि मिनिटांत प्राणी जातो. माझ्या प्रयोगशाळेत ‘झडप उघडी’ हे वाक्य मोठ्याने म्हणायचं असतं आणि दुसरीने ते स्वतः पाहून परत म्हणायचं असतं. सुरुवातीला मुली लाजतात, मग सवय होते.

यंत्रं लावण्याआधी हात आणि डोळे तयार करा. नाडी बोटाखाली कशी लागते, जबडा किती सैल आहे, पापणीला स्पर्श केल्यावर ती हलते का, डोळा खाली वळलाय का मध्यभागी आलाय, हिरडी दाबून सोडल्यावर रंग किती वेळात परततो. हे सगळं दर पाच मिनिटांनी कागदावर. मग कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र), रक्तदाब, ऑक्सिजन. कार्बन डायऑक्साइड साधारण 35 ते 45, सरासरी रक्तदाब 60 च्या वर. आकडा घसरला की आधी प्राण्याकडे बघायचं, मग यंत्राकडे. जिभेवरचा चिमटा सरकला असेल तर ऑक्सिजनचा आकडा खोटा असतो, आणि जीभ खरंच निळी असेल तर चिमटा तपासत बसायला वेळ नसतो.

आणि बोलायला शिकवा. टेबलापलीकडे डॉक्टर पोटात हात घालून बसलेला असतो, त्याचं लक्ष रक्तस्रावाकडे. ‘डॉक्टर, सरासरी दाब 52 आहे, पाच मिनिटांपूर्वी 68 होता, भुलीचं आयसोफ्लुरेन कमी करू का?’ हे वाक्य अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या तोंडून सहज निघत नाही. त्याचा सराव करून घ्यावा लागतो. मी स्वतः सर्जन होऊन मुद्दाम चिडून उत्तर देते आणि ती पुन्हा बोलते का ते पाहते. आपण ‘साहेब’ म्हणत काम करण्याच्या वातावरणातून आलो, जिथे खालच्या माणसाने वरच्याला टोकणं उद्धटपणा समजला जातो. इथे टोकणं हे तिचं काम आहे, आणि वर्गात ती तुम्हाला टोकेल तेव्हा तुम्ही कसं ऐकता यावरूनच ती ते शिकेल. निदान बोलायचं नाही, पाहिलेलं बोलायचं. ‘त्याला न्यूमोनिया झालाय’ हे तिचं वाक्य नाही. ‘मिनिटाला 60 श्वास आहेत, मान लांब करून श्वास घेतोय, काल रात्री 28 होते’ हे तिचं वाक्य आहे, आणि डॉक्टरला जास्त उपयोगी तेच आहे.

गणिताबद्दल. कम्युनिटी कॉलेजात गणिताची भीती घेऊन आलेल्या मुली पुष्कळ असतात. त्यांना त्रैराशिक शिकवायला संकोच करू नका. इथे वजन पौंडात सांगतात आणि डोस किलोवर असतो, तिथेच घोटाळा होतो. 22 पौंडांचा कुत्रा म्हणजे 10 किलो. वेदनाशामक मेलॉक्सिकॅम 0.2 मिलिग्रॅम प्रतिकिलो, इंजेक्शनमध्ये एका मिलिलिटरला 5 मिलिग्रॅम, म्हणजे 0.4 मिलिलिटर. पौंडाचं किलो करायला विसरली तर 0.88, दुपटीहून जास्त. उत्तर काढण्याआधी अंदाज सांगायला लावा: ‘साधारण किती येईल? अर्ध्या मिलिलिटरच्या आत की बाहेर?’ ही सवय लागली की चुकीचा आकडा डोळ्यांना खटकतो. दुसरं उदाहरण मी ऑक्सिजनच्या लहान सिलिंडरचं देते. ई आकाराच्या सिलिंडरवरचा दाब पीएसआय या एककात वाचायचा आणि 0.3 ने गुणायचा, म्हणजे उरलेले लिटर. 500 दाखवत असेल तर 150 लिटर. मिनिटाला एक लिटर जात असेल तर अडीच तास. शस्त्रक्रिया तीन तासांची असेल तर सुरुवातीलाच सिलिंडर बदला. हे गणित त्यांना कंटाळवाणं वाटत नाही.

प्रयोगशाळेतलं सगळं सांगत बसत नाही. रक्ताच्या काचपट्टीवर चांगला पातळ थर आला पाहिजे आणि यंत्राने मांजराच्या प्लेटलेट कमी दाखवल्या तर आधी काचपट्टीच्या कडेला गुठळ्या शोधायच्या. शेणा-विष्ठेच्या तपासणीत नमुना नुसता तरंगत ठेवण्याऐवजी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचा, नाहीतर चाबूकजंताची जड अंडी खालीच राहतात. इथे तुमचा परभणीचा पाया पुरेसा पक्का असेल.

शिकवण्यासाठी प्राणी वापरायचे तर कॉलेजच्या प्राणी-वापर समितीची मंजुरी लागते. सगळे तिला आयएसीयूसी म्हणतात. तिच्यामागे 1966 चा प्राणीकल्याण कायदा आहे. समितीवर एक पशुवैद्यक आणि कॉलेजशी संबंध नसलेली बाहेरची एक व्यक्ती असावीच लागते, आणि दर सहा महिन्यांनी जागेची पाहणी होते. एका कुत्र्याला एका दिवसात किती सुया टोचायच्या, त्याला विश्रांती किती, सराव आधी कृत्रिम पायावर किती, हे सगळं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. ते मनापासून लिहा. पुष्कळ कॉलेजांत प्राणी जवळच्या शेल्टरमधून येतात. मुली त्यांची नसबंदी, दात, रक्ततपासणी यांत मदत करतात आणि मग ते दत्तक जातात. सेमिस्टरभर ज्या कुत्र्याने नस पुढे केली तो चांगल्या घरी गेला की वर्गाला जे वाटतं, ते शिक्षणाचाच भाग आहे.

दयामरणाची तयारी स्वतःची आधी करा. आपल्याकडे ते क्वचित आणि गायीच्या बाबतीत जवळपास अशक्य. इथे जवळजवळ रोज. टेक्निशियन मालकाशेजारी असते, कॅथेटर ती घालते, नंतर देह ती उचलते. औषधाचे टप्पे आणि शेवटचा श्वास कसा दिसतो हे मालकाला आधी सांगायचं असतं, म्हणजे तो घाबरत नाही. वर्गात कुणीतरी रडेल, कारण तिचा कुत्रा गेल्याच महिन्यात गेला असेल. त्या तासाला घाई करू नका. या पेशात माणसं थकून बाहेर पडतात, हे लपवूही नका. पगार विचारतील तर खरा सांगा: कामगार खात्याच्या आकडेवारीप्रमाणे 2023 मध्ये देशातला मध्यम वार्षिक पगार 43,740 डॉलर होता. विशेष क्षेत्रात प्राविण्य मिळवलेल्या, आणीबाणीच्या दवाखान्यात किंवा संशोधनसंस्थेत गेलेल्या मुलींना जास्त मिळतं, ते रस्ते दुसऱ्या सेमिस्टरपासूनच दाखवा.

विद्यार्थी कोण असतील? नुकतीच शाळा संपवलेली मुलगी, तिच्या शेजारी चाळिशीतली दोन मुलांची आई, मागच्या बाकावर लष्करातून परतलेला जवान. रात्रपाळी करून सकाळी आठच्या प्रयोगशाळेला येणारे. त्यांना ‘आळशी’ म्हणण्याआधी विचारा की काल किती वाजता काम संपलं. पण प्रयोगशाळेतल्या वेळेच्या बाबतीत सैल होऊ नका, कारण प्राणी आणि डॉक्टर वाट पाहत नाहीत. दोन कायदे माहीत हवेत. 1974 च्या फर्पा कायद्याने विद्यार्थ्याचे गुण त्याच्या परवानगीशिवाय सहसा आईवडिलांनाही सांगता येत नाहीत. आपल्याला हे विचित्र वाटतं. पालकाचा फोन आला तर नम्रपणे नकार द्यायचा. दुसरं, अपंगत्व-सेवा कार्यालयाचं पत्र घेऊन कुणी परीक्षेला जास्त वेळ मागितला तर तो द्यायचा असतो, कारण विचारायचं नसतं.

नियंत्रित औषधांच्या कपाटाची किल्ली तुमच्याकडे येणार असेल तर नोंदवही स्वतः तपासा. केटामाइन, ब्युटॉर्फनॉल यांचा प्रत्येक थेंब लिहिलेला हवा. वापरायच्या बाटल्या विद्यार्थ्यांच्या हातात देण्याऐवजी त्यांच्यासमोर तुम्ही किंवा परवानाधारक सहकाऱ्याने औषध काढा. एक्स-रेच्या खोलीत प्रत्येकीच्या अंगावर किरणांची मात्रा मोजणारा डोसिमीटर असावा. रेबीजची प्रतिबंधक लस विद्यार्थ्यांनी आणि तुम्हीही अभ्यासक्रमाच्या आधी घ्यावी.

शेवटच्या वर्षात मुली बाहेरच्या दवाखान्यात प्रत्यक्ष काम शिकायला जातात. मान्यतेसाठी किमान 240 तास लागतात. तिथल्या डॉक्टरांना आधी भेटून या. काही ठिकाणी मुलींना पिंजरे धुण्यात आणि फोन घेण्यातच गुंतवून ठेवतात, तिथे पुन्हा पाठवू नका.

होकार देण्यापूर्वी पैशाचं विचारून घ्या. अर्धवेळ शिक्षकाला बहुधा वर्गातल्या तासांचेच पैसे मिळतात, आणि या विषयात खरं काम वर्गाच्या आधी-नंतर असतं: प्राणी आणणं, यंत्रं तपासणं, पॅक निर्जंतुक करणं, काचपट्ट्या रंगवणं, उरलेल्या कौशल्यांच्या सह्या. प्रयोगशाळेच्या तयारीसाठी वेगळा मदतनीस आहे का, सुट्टीच्या दिवशी प्राण्यांना खायला कोण घालतं, आणि या तासांचा मोबदला कसा धरतात, हे तीन प्रश्न ईमेलने विचारा आणि उत्तर आल्यावरच करारावर सही करा.